नामकरणापूर्वीचा देह : प्रबोधनकालीन शिशुरेखाटनांविषयी

चित्रकलेच्या इतिहासलेखनात ‘पूर्वाभ्यास’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की तिच्या पोटात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे, याचे भान सहसा राहत नाही. एखाद्या रेखाटनाला पूर्वाभ्यास म्हणणे म्हणजे त्याचा अर्थ त्याच्या बाहेर, त्याच्यानंतर सिद्ध होणाऱ्या कृतीत शोधावा असे सुचवणे होय. कृती साध्य, रेखाटन साधन. कृती टिकावी म्हणून केलेली, रेखाटन चुकून टिकलेले. साहित्यविचारातही कवीच्या खोडाखोडीने भरलेल्या कागदांकडे दीर्घकाळ याच दृष्टीने पाहिले गेले. झाँ बेलमँ-नोएल यांनी १९७२ साली ‘प्राक्-संहिते’ची कल्पना मांडली, आणि खर्ड्यांच्या अभ्यासाला फ्रेंच समीक्षेत वेगळे वळण लागले. खर्डा म्हणजे अपुरी राहिलेली संहिता नव्हे. त्यात जिवंत असलेल्या कितीतरी शक्यता अंतिम संहिता निवडीच्या नावाखाली संपवीत असते, हे त्या वळणाचे सार म्हणता येईल.

ही कल्पना चित्रकलेकडे नेली तर तिची खरी कसोटी लागते ती इसवी सन १५००च्या आगेमागे इटलीत खडूने केलेल्या शिशुदेहाच्या रेखाटनांपाशी. वस्त्राच्या चुणीचा किंवा घोड्याच्या पायाचा अभ्यास चित्रात जातो तेव्हा चुणी चुणीच राहते, घोडा घोडाच राहतो. मुलाचे तसे होत नाही. कागदावरचे मूल फलकावर जाते तेव्हा ते ख्रिस्त होते. चित्र त्याला केवळ पूर्णत्व देत नाही, नावही देते. आणि नाव मिळताच कागदावर असलेले काहीतरी मागे राहून जाते. ते मागे राहिलेले नेमके काय, हा प्रश्न रंगतंत्राचा नाही. तो वाचनपद्धतीचा आहे, म्हणून समीक्षेचा आहे.

व्हेनिसच्या अकादमी संग्रहालयात लिओनार्दो दा विंचीचा एक कागद आहे. उंची सुमारे २८ सेंटिमीटर, रुंदी २०च्या आत. कागदाला आधी लालसर गेरूचा लेप दिलेला. त्यावर लाल खडू. मोजक्या ठिकाणी पांढऱ्याचा स्पर्श. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘कुमारी, बालक आणि संत अ‍ॅना’ या चित्राशी हा कागद जोडला जातो. त्यावर एका गुबगुबीत मुलाचे शरीर आहे, आणि त्याभोवती त्याच शरीराचे सुटे भाग पुन्हा वेगळे काढलेले आहेत. आई नाही, आजी नाही, मांडी नाही, कोकरूही नाही. मात्र देहाचा झोक असा आहे की कोणीतरी त्याला धरले असले पाहिजे. स्वतःच्या बळावर तो तसा राहू शकणार नाही. धरणारे हात काढलेले नाहीत, तरी त्यांचा भार रेषेत उतरला आहे.

लालावर लाल, या निवडीचा परिणाम दूरगामी आहे. पांढऱ्या कागदावर शाईची रेषा देहाला सीमा घालते: इथवर शरीर, इथून पुढे पोकळी. व्हेनिसच्या कागदावर ही सीमा जागोजागी विरते. कागदाचा रंग आणि कातडीचा रंग यांत अंतर इतके थोडे आहे की देह कागदावर ठेवलेला वाटत नाही, कागदातूनच उमलल्यासारखा वाटतो. लिओनार्दोच्या टिपणांत मुलांच्या शरीराविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे. मोठ्या माणसाचे सांधे जाड आणि मधला भाग तुलनेने बारीक असतो. मुलाचे उलट, सांधे बारीक आणि दोन सांध्यांमधला भाग फुगीर, कारण सांध्यावर कातडीखेरीज फारसे काही नसते. बाल्यात खांद्यांची रुंदी चेहऱ्याच्या लांबीएवढीच असते, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे, त्याचा घाटच निराळा आहे, हे येथे मोजमापाने सांगितले गेले. मोजमापाला जे सांगता येत नाही ते खडू सांगतो. मनगटापाशी पडलेली वळी, गुडघ्यामागची घडी, पोटऱ्यांचा मऊपणा यांना रेषा नसते. त्यांना फक्त उजेडाची उतरण असते.

या ठिकाणी माध्यमाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण समीक्षक बहुधा ते ओलांडून पुढे जातात. लाल खडू म्हणजे लोहयुक्त मातीचा नैसर्गिक दगड. काळा खडू हाही खाणीतून मिळणारा कार्बनयुक्त दगडच. पंधराव्या शतकातील फ्लोरेन्सच्या कार्यशाळांत रौप्यशलाका आणि लेखणी यांचा वापर प्रधान होता. रौप्यशलाकेला कागदावर आधी लेप द्यावा लागतो, रेषा बारीक उमटते, गडद छाया साधायची तर रेषांवर रेषा ओढत बसावे लागते, आणि उमटलेली रेषा सहज पुसता येत नाही. खडू बोटाने पसरता येतो, कडेने घासता येतो, टोकाने रेखता येतो. लाल खडूचा भरीव वापर १४९०च्या दशकात लिओनार्दोने सुरू केला, आणि एका पिढीत तो इटलीभर झाला. तो मुलांसाठी आला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मोठे भित्तिचित्र, छायाप्रकाशाचा नवा सोस, वस्त्रांचे जड पोत ही त्याची कारणे. पण जे शरीर क्षणभरही एका स्थितीत राहत नाही त्याच्यासाठी हे माध्यम जणू घडवून ठेवल्यासारखे होते. बसलेल्या मुलाच्या हालचाली चपळ आणि पिळदार दाखवाव्यात, उभ्या मुलाच्या बावरलेल्या, अशी लिओनार्दोची सूचना आहे. स्थिर राहणाऱ्या नमुन्यासमोर बसणाऱ्याला अशी सूचना सुचणार नाही.

नमुन्याचा प्रश्न राफाएलच्या एका कागदाने चांगला उजळतो. ‘आल्बा मॅडोना’ हे १५१०च्या सुमाराचे वर्तुळाकार चित्र आज वॉशिंग्टनमध्ये आहे. त्याचा लाल खडूतील अभ्यास फ्रान्समधील लील येथे आहे. त्या कागदाच्या एका बाजूला मॅडोनेच्या जागी कार्यशाळेतला एक तरुण साहाय्यक बसलेला दिसतो. कुमारी माता म्हणून पुरुष चालला, कारण हवा होता तो फक्त बैठकीचा ताण. पदर, चेहरा, लावण्य सारे नंतर चढवता येत होते. मुलाच्या जागी मात्र कोणाही प्रौढाला बसवता येत नाही. त्याचे शरीर एक तर समोर असावे लागते किंवा स्मृतीत. कार्यशाळांत मातीची व प्लास्टरची बालके असत. वसारीने तरुण लिओनार्दोविषयी सांगताना त्याने मातीत घडवलेल्या मुलांच्या मस्तकांचा उल्लेख केला आहे. तेव्हा एखाद्या अभ्यासात किती भाग जिवंत मुलाचा आणि किती मातीच्या मुलाचा, हा हिशेब मांडू नये हेच बरे. मांडावा तो दुसरा हिशेब: कागदावर जे उमटले त्यात हालचालीचा माग आहे की नाही.

हा माग दिसण्याला सामाजिक संदर्भही आहे. त्या काळच्या इटलीत तान्ही मुले कापडी पट्ट्यांनी छातीपासून पायांपर्यंत आवळून गुंडाळलेली असत. फ्लोरेन्समधील अनाथ अर्भकांच्या ‘इनोचेंती’ रुग्णालयाच्या दर्शनी भागावर आन्द्रेआ देल्ला रोब्बियाने सुमारे १४८७ साली बसवलेली निळ्या पार्श्वभूमीवरची बालके पाहिली की हे लगेच ध्यानात येते. काहींच्या पट्ट्या सैल होऊन खाली घसरल्या आहेत, आणि ती घसरणच त्या शिल्पांतली सर्वांत जिवंत गोष्ट आहे. शिवाय सुखवस्तू घरांतली मुले दूध पाजणाऱ्या दायांकडे, पुष्कळदा गावाबाहेर, ठेवली जात. ही प्रथा क्रिस्तियान क्लापिश-झ्युबेर यांनी फ्लोरेन्सच्या कौटुंबिक नोंदवह्यांतून तपशिलाने उलगडली आहे. तेव्हा मोकळ्या अंगाचे, हातपाय हलवणारे मूल हे चित्रांतून सर्वत्र दिसत असले तरी दैनंदिन व्यवहारात तसे सुलभ दृश्य नव्हते. पट्ट्या सोडल्यापासून पुन्हा बांधेपर्यंतचा जो थोडा वेळ, तो या रेखाटनांचा काळ.

फिलिप आरिएस यांनी १९६० साली मांडलेला सिद्धान्त सर्वपरिचित आहे: मध्ययुगीन समाजाला बाल्याची वेगळी जाणीव नव्हती, आणि चित्रांतली मुले छोट्या प्रौढांसारखी दिसतात हा त्याचा एक पुरावा. पुढच्या इतिहासकारांनी या सिद्धान्ताला पुष्कळ छेद दिले आहेत. येथे मुद्दा इतकाच की आरिएस यांनी चित्रे वाचली, कागद वाचले नाहीत. चित्र समाजाच्या मान्य जाणिवेचे दस्तऐवज असते. रेखाटन डोळ्याच्या जाणिवेचे. डोळ्याला जे कळले ते मान्य जाणिवेत यायला कधी शंभर वर्षे लागतात, कधी ते येतही नाही.

मान्य जाणीव कशी काम करते याचा सुंदर नमुना एका पत्रात मिळतो. १५०१च्या एप्रिलमध्ये कार्मेलाइट धर्मोपदेशक फ्रा पिएत्रो दा नोव्हेल्लारा याने मांतुआच्या इसाबेल्ला देस्ते हिला लिओनार्दो काय करीत आहे ते कळवले. त्या वेळी लिओनार्दो ज्या मोठ्या आराखड्यावर काम करीत होता तो आता हरवला आहे. पत्रात वर्णन आहे ते सुमारे एक वर्षाच्या मुलाचे: ते आईच्या हातांतून जवळजवळ निसटून कोकराला पकडू पाहते, आई अर्धवट उठून त्याला आवरते, संत अ‍ॅना मुलीला थोपवल्यासारखी दिसते. लगेच अर्थ येतो: कोकरू म्हणजे बलिदान, आईचे आवरणे म्हणजे मातृहृदयाची नकारघंटा, अ‍ॅनाचे थोपवणे म्हणजे कदाचित चर्चची इच्छा. वर्णन आणि अर्थ यांत एका वाक्याचेही अंतर नाही. नोव्हेल्लाराला दोष देण्याचे कारण नाही. त्या संस्कृतीतला तो जाणता वाचक होता आणि त्याचे वाचन बरोबरही असेल. पण त्याच्या पत्रातले मूल मात्र अर्थ येण्याआधीच्या वाक्यात आहे. वर्षाचे कोणतेही मूल मांडीवरून निसटते, समोरच्या जनावराचा कान धरते. व्हेनिसचा कागद त्या आधीच्या वाक्यापाशी थांबतो.

यानंतरची मोठी वाचनेही याच वाटेने गेली आहेत, हे थोडे खेदाने नोंदवावे लागते. फ्रॉइड यांच्या १९१० सालच्या निबंधात संत अ‍ॅनेच्या चित्रातले मूल म्हणजे स्वतः लिओनार्दो, आणि दोन स्त्रिया म्हणजे त्याच्या बालपणीच्या दोन माता. घारीऐवजी गिधाड वाचले गेल्याची चूक प्रसिद्धच आहे. मेयर शापिरो यांनी १९५६ मध्ये त्या निबंधाची जी ऐतिहासिक तपासणी केली तिच्यानंतर त्यातले फार थोडे उभे राहते. पण मुलाला नाव देण्याची नोव्हेल्लाराची सवय फ्रॉइड यांनीही सोडली नाही, फक्त नाव बदलले. लिओ स्टाइनबर्ग यांनी १९८३ मध्ये बालख्रिस्ताच्या निर्वस्त्रतेमागे देवाच्या मानव होण्याचे ईश्वरशास्त्र आहे असे प्रतिपादन केले. ते चित्रांपुरते पुष्कळ अंशी पटते. कागदांपुरते ते लागू पडत नाही, कारण ज्या देहाला अद्याप देव व्हायचे आहे त्याच्या मानव होण्यात ईश्वरशास्त्रीय असे काही नसते.

ज्युलिया क्रिस्तेवा यांचा जोव्हान्नी बेल्लिनीवरील १९७५ सालचा निबंध अधिक गंभीर उत्तराची अपेक्षा करतो. त्यात बेल्लिनी आणि लिओनार्दो हे दोन ध्रुव कल्पिले आहेत: लिओनार्दोत मातेचा देह आकृतीत बांधलेली, ताब्यात घेतलेली वस्तू होतो, तर बेल्लिनीत रंग आणि अवकाश आकृतीपलीकडे सांडतात आणि भाषापूर्व अनुभवाची वाट मोकळी होते. ही विभागणी फलकांवरून केलेली आहे. लालावर लाल असलेला तो कागद समोर ठेवला की ती डळमळते. तेथे आकृती आणि अवकाश यांत भेद करणारी रेषाच पातळ झाली आहे, रंग हाच देह आहे, आणि ताब्यात घ्यायला माता तर उपस्थितच नाही. क्रिस्तेवा यांनी बेल्लिनीला जे श्रेय दिले ते लिओनार्दोच्या खडूला द्यावे लागेल, त्याच्या तैलरंगाला नव्हे.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत ही गोष्ट आणखी नेमकेपणाने मांडता येते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल रस मान्य केला. त्यात मूल हे आलंबन, त्याच्या चेष्टा हे उद्दीपन, आणि भावाचा आश्रय माता-पिता. मॅडोनेच्या चित्रांत ही रचना पूर्ण असते. प्रेक्षक मातेच्या मुखावरून रसाकडे जातो. रेखाटनात आश्रयच नाही. आलंबन उघडे पडलेले, उद्दीपनाच्या खुणा इतस्ततः विखुरलेल्या, आणि त्यांना धारण करणारे हृदय कागदाबाहेर. म्हणून या कागदांना ‘वात्सल्यपूर्ण’ म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यांच्यात वात्सल्य नाही. वात्सल्यालाही ज्याची गरज असते ते एकाग्र लक्ष देणे आहे.

मायकेलँजेलोच्या एका कागदाशी तुलना केल्यावाचून ही चर्चा एकांगी राहील. फ्लोरेन्सच्या कासा बुओनारोत्ती संग्रहातला, सुमारे १५२५चा, ५४ सेंटिमीटर उंचीचा हा कागद काळ्या आणि लाल खडूत आहे. त्यात माता आहे. पण ती जवळजवळ केवळ बाह्यरेषांत, बदलत्या, पुन्हा पुन्हा चाचपलेल्या. तिची दृष्टी मुलाकडे नाही, दूर कुठेतरी आहे. मूल मात्र लाल खडूत, छायेच्या प्रत्येक पायरीसह, संगमरवरासारखे भरीव. एकाच कागदावर एक देह सिद्ध आणि दुसरा असिद्ध. दूध पिणाऱ्या या मुलाने प्रेक्षकाकडे पाठ फिरवली आहे, आणि त्या पाठीवर, खांद्यावर, दंडावर भावी हर्क्युलिसचे स्नायू आहेत. रेखाटन म्हणून हा कागद व्हेनिसच्या कागदाहून श्रेष्ठ मानावा लागेल. त्यातले सामर्थ्य आणि ती मातेची हरवलेली दृष्टी यांना तोड नाही. पण त्यात मूल नाही. बारीक सांधे, फुगीर मधला भाग, घडीतला मऊपणा यांतले काहीही मायकेलँजेलोला नको होते. नाव येथे आधीच पडले आहे, म्हणून देहही आधीच प्रौढ झाला आहे. पूर्वाभ्यास म्हणजे नेहमीच नामकरणापूर्वीची अवस्था असते असे नाही, हे या कागदाने शिकवावे.

उलट टोकाला लिओनार्दोचा आणखी एक कागद आहे, जो कोणत्याही चित्राचा पूर्वाभ्यास नव्हे. विंडसरच्या राजसंग्रहात असलेले, सुमारे १५११चे गर्भाचे रेखाटन शाईचे म्हणून ओळखले जाते, पण शाईखाली लाल खडू आहे. गर्भाशय उघडून दाखवलेले, आत मूल गुडघे पोटाशी घेऊन वळलेले. नाळेच्या बाजूचा तपशील गाईच्या गर्भाशयावरून घेतला आहे, तेवढ्यापुरते ते शरीरशास्त्र चुकीचे; पण वळलेल्या देहाचा भार चुकीचा नाही. कडेच्या टिपणात लिओनार्दो म्हणतो की या दोन देहांवर एकाच आत्म्याची सत्ता असते. आईची भीती, इच्छा, वेदना यांत मूलही सहभागी असते. व्हेनिसच्या कागदावर न काढलेले हात रेषेत का जाणवतात, याचे या टिपणाहून चांगले स्पष्टीकरण मिळणे कठीण. जो डोळा मुलाकडे एकटा देह म्हणून पाहतच नाही, त्याला आई काढण्याची गरज भासत नाही.

इनोचेंती रुग्णालयात दाखल झालेले पहिले मूल ५ फेब्रुवारी १४४५ रोजी आले. मुलगी होती. तो दिवस संत अगाथाचा. म्हणून तिचे नाव अगाता स्मेराल्दा असे नोंदले गेले. नावाशिवाय ते मूल वहीत येऊच शकले नसते, आणि नाव पंचांगातून आले. चित्रफलकाचा व्यवहार याहून वेगळा नाही. देह कोणाचाही असो, नाव विधी देतो. लिओनार्दोच्या कागदांवर मुलांची नावे नाहीत, आणि त्या कागदांपुरते हे न्यून नव्हे.

पूर्वाभ्यास कशाचा तरी असलाच पाहिजे, या आग्रहाला सर्वांत मोठे उत्तर लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात टांगलेले आहे. आठ कागद जोडून कोळसा आणि पांढऱ्या खडूत केलेला लिओनार्दोचा तो भव्य आराखडा फलकावर उतरवण्यासाठीच असतो तसा आहे. पण उतरवण्यासाठी त्याच्या रेषांवर टोचायची छिद्रे कधी टोचलीच गेली नाहीत. तो कशाचाच पूर्वाभ्यास झाला नाही. १९६२ मध्ये लोकवर्गणीसह ८ लाख पौंडांना तो राष्ट्रासाठी विकत घेतला गेला तेव्हा कोणी अपूर्णतेबद्दल सूट मागितल्याचे दिसत नाही. बाजार कधीकधी समीक्षेच्या आधी शहाणा होतो.

लूव्रमधील फलकाची कथा मात्र याहून निराळी. तो पूर्ण झाला नाही, तरी सर्वांनी पूर्ण धरला. त्याच्यावर अर्थांचे थर चढले, उतरले. २००८ मध्ये तो तपासणीसाठी भिंतीवरून काढला असता त्याच्या पाठीवर फिकट रेखाटने आढळली, आणि इन्फ्रारेड छायाचित्रात ती स्पष्ट झाली: घोड्याचे डोके, कवटीचा अर्धा भाग, आणि कोकरासह एक बालक. ती लिओनार्दोच्या हातची की त्याच्या कार्यशाळेतल्या कोणाच्या, यावर चर्चा झाली आहे. पुढच्या बाजूला मुलाला आवरणारी आई आहे आणि आईला थोपवणारी अ‍ॅना आहे. मागच्या बाजूला मूल आणि कोकरू, एवढेच आहे. २०१२ मध्ये चित्राची पुढची बाजू जुन्या वार्निशातून मोकळी होऊन पुन्हा लोकांसमोर आली. मागची बाजू भिंतीकडे आहे.